पहिला मुक्कामी ट्रेक: ठाण्याहून राजमाची, सॅक पाठीवर आणि तंबू घरी

पहिल्या मुक्कामी ट्रेकला तंबू नेऊ नका. स्टोव्ह, पातेली आणि दहा माणसांचा शिधाही नको. दिवसभर सॅक घेऊन चालायचं, अनोळखी जागी झोपायचं आणि सकाळी पोटऱ्या भरून आलेल्या असताना पुन्हा चालायचं, नवख्या माणसाला एवढंच पुष्कळ होतं. त्यात अंधारात तंबू उभारणं आणि वाऱ्यात खिचडी शिजवणं घातलं की अर्धा गट "परत कधी नाही" म्हणत घरी येतो. तंबू, स्टोव्ह सगळं पुढच्या खेपेला. पहिल्या खेपेला पाठीवर ओझं घ्यायला शिका. जेवण आणि छप्पर गावावर सोडा.

हे एकदा ठरलं की जागा निवडणं सोपं होतं. वर वस्ती असलेली जागा हवी.

कुठे जायचं

ठाणेकरांच्या तोंडी पहिलं नाव येतं माहुली किल्ल्याचं. आसनगावला उतरलं की समोर दिसतो, त्यामुळे जवळचा वाटतो. पण चढ अंगावर येणारा आहे, माथ्याजवळ शिडी आहे आणि वर घर नाही. मुरबाडकडचा गोरखगड गुहेत झोपण्यासाठी नावाजलेला आहे आणि गुहा आहेही सुरेख. पण तिथे पोचायला कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. रिकाम्या हाताने त्या ठीक. पाठीवर सात किलो असताना नवख्याचा तोल मागे जातो. कलावंतीण सुळक्याचे फोटो पाहून कोणी हट्ट धरला तर सरळ नाही म्हणा.

नवी मुंबईचे लोक जास्त असतील तर कलावंतीणच्या पायथ्याची प्रबळमाची मात्र चांगली आहे. पनवेलहून ठाकूरवाडी, तिथून नवख्यांना दोनेक तासांची चढण, वर माचीवर आदिवासी ठाकरांची वस्ती. राहायची-जेवायची सोय गावकरीच करतात. संध्याकाळी माचीवर फिरायचं, सकाळी खाली उतरायचं. चालणं थोडं आहे, म्हणून लहान मुलं किंवा पन्नाशीपुढची मंडळी सोबत असतील तर मी हीच जागा सुचवेन.

बाकीच्यांसाठी राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, पहिला सुमारे ९१४ मीटर, दुसरा सुमारे ८३३. दोघांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव. गावात घरगुती जेवण आणि झोपायला जागा मिळते. लोणावळ्याकडून येणारी वाट लांब असली तरी सपाट आणि रुंद आहे, पावसाळा सोडला तर तिच्यावरून जीप जाते. कर्जतकडून कोंदिवडे गावातून चढणारी दुसरी वाट आहे. म्हणजे एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने उतरता येतं आणि एखाद्याने मध्येच हात टेकले तर त्याला गाडीने परत पाठवता येतं. पहिल्या ट्रेकच्या जागेत मी दृश्यांआधी हे पाहतो: पाय मुरगळलेला माणूस इथून बाहेर कसा काढायचा? राजमाचीला त्याचं उत्तर आहे. माहुलीला झोळी करावी लागते.

आणखी एक गोष्ट ठाणेकरांना आवडावी. उल्हास नदी याच राजमाचीच्या डोंगरातून उतरते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या अंगाने वसईच्या खाडीला मिळते. घोडबंदर रोडच्या गच्चीवरून दिसणाऱ्या खाडीचं पाणी कुठून येतं ते किल्ल्यावरून दिसतं.

केव्हा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा कुठलाही शनिवार-रविवार. ऑक्टोबरात ऊन जाळतं आणि रान कमरेएवढं असतं. पावसाळ्यात ही वाट सुंदर दिसते हे खरं, पण ओढे अचानक फुगतात, धुक्यात फाटे दिसत नाहीत आणि ओल्या कपड्यांत काढलेली रात्र कोणाला आवडत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी राजमाचीला इतकी झुंबड उडते की रस्त्यावर गाड्याच गाड्या असतात. काजवे पाहायचे तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा, पण तो पहिला ट्रेक नको.

जमलं तर पौर्णिमेच्या जवळचा शनिवार घ्या. रात्री अंगणात बसायला बरं वाटतं आणि बाहेर जाताना कोणी धडपडत नाही.

किती जण, कोण कोण

आठ ते बारा. त्यापेक्षा जास्त झाले की गट आपोआप तीन तुकड्यांत फुटतो आणि मधली तुकडी कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं. दर चार-पाच नवख्यांमागे रात्री डोंगरात राहिलेला एक माणूस हवा, आणि निदान एकाने हीच वाट आधी चाललेली हवी. असा कोणी नसेल तर उधेवाडीतलाच वाटाड्या दोन्ही दिवसांसाठी ठरवा. त्यात कमीपणा काही नाही. एखाद्या संस्थेबरोबर पैसे भरून जाणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांची नोंदणी आहे का, एवढं विचाराच. चांगले आयोजक या प्रश्नाने चिडत नाहीत.

"येतो" म्हणणाऱ्यांची यादी करू नका. पैसे भरलेल्यांची करा. गाडी, मुक्काम, जेवण, जीप, वाटाड्या असा अंदाज काढून वर दहा-पंधरा टक्के राखीव धरा आणि महिनाभर आधी जमा करायला सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर उठलेल्या पंचवीस अंगठ्यांचे अकरा होतात, आणि ते अकरा खरोखर येतात.

पैशांबरोबरच प्रत्येकाकडून चार गोष्टी विचारून घ्या, त्याही खासगीत: दमा, रक्तदाब, मधुमेह किंवा कसली ॲलर्जी आहे का, रोजची औषधं कोणती, गुडघा-कंबर आधी कधी दुखावली आहे का, घरच्या कोणाला फोन करायचा. ग्रुपवर जाहीर विचारलं की सगळे ठणठणीत असतात.

दोन माणसांची कामं शब्दशः ठरवून द्या. एक पुढे चालणारा, ज्याच्या पुढे कोणी जायचं नाही. दुसरा पिछाडीचा, ज्याच्या मागे कोणी राहायचं नाही. पिछाडीला गटातला सगळ्यात दमदार आणि शांत माणूस ठेवा. बहुतेक गट नेमकं उलटं करतात: तगडे पुढे पळतात आणि सगळ्यात दमलेली व्यक्ती शेवटी एकटी राहते. पुढच्यांनी थांबून पाणी प्यायचं, मागचे पोचले की लगेच उठून चालू पडायचं, हा प्रकार तर बंदच करा. मागून आलेल्यालाही पूर्ण दहा मिनिटं बसू द्या. विश्रांतीची गरज त्यालाच जास्त असते.

वेळेचं गणित

डोंगरातल्या वेळेचा एक जुना हिशेब आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो सवयीच्या माणसाचा, विश्रांती न धरता. लोणावळा ते उधेवाडी साधारण पंधरा किलोमीटर, म्हणजे त्याच्या हिशेबाने तीन तासांच्या थोडं वर. तुमचा गट एवढ्यात पोचणार नाही.

सॅक घेतलेले नवखे तासाला तीन किलोमीटर चालतात असं धरा. पाच तास झाले. दर तासाला दहा मिनिटं थांबलात तर आणखी पन्नास मिनिटं, जेवणाला चाळीस. एकूण साडेसहा तास. सकाळी दहाला लोणावळा सोडलंत तर साडेचारला गावात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी दीड तास राहतो. त्या दीड तासाला हात लावू नका, तो फोड आलेल्या टाचांसाठी आणि तुटलेल्या चपलांसाठी ठेवलेला असतो.

यातून दोन नियम निघतात. अकरापर्यंत चालायला सुरुवात झाली नाही तर लोणावळ्यातूनच जीप करायची, आणि दुपारी एकपर्यंत निम्मी वाट मागे पडली नसेल तर उरलेल्या वाटेसाठी जीप बोलवायची. हे घरी बसून ठरवा, लिहून ग्रुपवर टाका. वाटेत ठरवायला गेलात तर कोणी ना कोणी म्हणतंच, "अरे, आता थोडंच राहिलंय."

सकाळी ठाण्याला थांबणाऱ्या पुण्याच्या गाड्या आहेत. डेक्कन एक्सप्रेस या बेताला सोयीची. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि हिवाळ्यातल्या शनिवारी सेकंड सीटिंगही लवकर भरतं, म्हणून तारीख ठरली की पहिलं काम तिकिटाचं. वाशी, नेरूळ, ऐरोलीकडच्यांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यायचं आणि गाडीच्या निदान अर्धा तास आधी, कारण पाठीवर सॅक घेऊन ठाण्याचा पूल ओलांडणं हा स्वतंत्र ट्रेक आहे.

तयारीचे चार आठवडे

आठवड्यातून तीन दिवस चाला, आणि शेवटचे दोन आठवडे सॅक भरून. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या टाका: एक लिटर म्हणजे एक किलो, वजन मोजायची कटकट नाही. रविवारी येऊर किंवा खारघरच्या टेकड्यांवर एक मोठी फेरी मारा. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा रीतसर गेटमधून आणि उजेड असेपर्यंतच.

सगळ्यात उपयोगी पण कंटाळवाणा सराव तुमच्या इमारतीतच आहे. एक मजला साधारण तीन मीटर. वीस मजले चढलात की साठ मीटर झाले. कोंदिवड्याहून राजमाचीचा चढ सुमारे ६०० मीटर, म्हणजे वीस मजली टॉवर दहा वेळा. तुम्ही त्या बाजूने उतरणार असलात तरी मांड्यांना आणि गुडघ्यांना तेवढं काम आहेच. उतरायला लिफ्ट वापरू नका. जिने उतरण्याचाच सराव हवा. दोन वेळा जमलं तरी पुष्कळ, आणि दोन वेळेला ज्याचा गुडघा कुरकुरला त्याला रविवारी जीपने लोणावळ्याला परत पाठवायचं हे तेव्हाच कळतं.

सॅकमध्ये काय

तीस ते चाळीस लिटरची सॅक पुरते. भरलेली सॅक स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. साठ किलोच्या माणसाला सहा-सात किलो. यात पाणी धरलेलं आहे, आणि तेच सगळ्यात जड. माणशी तीन लिटर घेऊन निघा, वाटेत मिळेल यावर विसंबू नका.

आत सर्वांत आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि बाकी सगळं तिच्यात. तळाला पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, मध्ये पाठीला चिकटून जड वस्तू, वर स्वेटर, खाऊ आणि औषधं. गावात सतरंजी-चादर मिळते, पण थंडीत रात्री पारा दहा-पंधरा अंशांवर येतो, म्हणून एक पातळ स्लीपिंग बॅग किंवा घरची चांगली शाल आणि कानटोपी. कॅरीमॅट, म्हणजे अंथरायची फोमची चटई, बाहेर बांधा. चालताना सुती जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि घामाने मांड्या सोलवटते. बूट नवे असतील तर चार आठवड्यांचा सराव त्यातच करा. मोज्यांच्या दोन जोड्या, रात्रीसाठी चपला. प्रत्येकाची स्वतःची विजेरी. डोक्याला लावायची असेल तर उत्तम. मोबाईलचा उजेड हा उजेड नाही, ती बॅटरी फोनसाठी हवी. वाटेत नेटवर्क येतं-जातं आणि ते शोधण्यात फोन लवकर उतरतो, म्हणून विमान मोडवर ठेवा आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या.

अत्तर, डिओ घेऊ नका. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि उग्र वासाने किंवा धुराने ती उठली तर सगळा गट सैरावैरा पळतो. ते कड्याच्या काठावर घडलं तर काय होईल हे सांगायला नको.

प्रथमोपचाराची पेटी गटाला एक: क्रेप बँडेज, मायक्रोपोर टेप, बेटाडाइन, गॉज, ओआरएसची भरपूर पाकिटं, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, कात्री, चिमटा. टाच हुळहुळायला लागली की तिथेच थांबून टेप लावा. फोड आल्यावर उपयोग नाही. ज्याचं रोजचं औषध आहे त्याचा एक दिवसाचा जास्तीचा डोस लीडरच्या सॅकमध्ये. साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. माणसाला चालवू नका, धीर द्या, १०८ किंवा ११२ ला फोन लावा आणि उधेवाडीच्या बाजूला असाल तर जीपने लोणावळ्याला रुग्णालयात न्या. डोंगरात अडकलेल्यांना काढण्यासाठी लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही संस्था आहे. त्यांचा आणि यजमानांचा नंबर निघण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि एका कागदावरही हवा.

जेवण

यजमानांना फोन आठवडाभर आधी करा, शुक्रवारी पुन्हा करा. माणसं किती, शाकाहारी किती, पोचायची वेळ काय, स्वच्छतागृह आहे का, बायकांना झोपायला वेगळी खोली मिळेल का. शेवटचे दोन प्रश्न विचारायला पुरुष लीडर विसरतात, म्हणून ते गटातल्या एखाद्या ताईकडे द्या. आणि तिथे बिसलरीच्या खोक्याची चौकशी करू नका.

रात्री गरम भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी मिळते. दिवसभर चालल्यावर याहून चांगलं काही लागत नाही; पनीर टिक्का मागू नका. शनिवारचं दुपारचं जेवण मात्र घरून: दशम्या किंवा ठेपले, शेंगदाण्याची चटणी, एखादी काकडी. दशमी दुधात भिजवलेली असल्याने संध्याकाळपर्यंत मऊ राहते. चालता चालता खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. चिक्की लोणावळ्यात घ्या. वेफर्सची पाकिटं आणू नका, अर्धी जागा हवा खाते आणि पाणी जास्त लागतं. प्रत्येकाने आपला खाऊ आपल्याकडे ठेवायचा. सगळा खाऊ एकाच सॅकमध्ये भरला की ती सॅक नेमकी मागे राहते.

दोन दिवस कसे जातील

लोणावळ्यात नाश्ता उरका, बाटल्या भरा आणि तुंगार्ली धरणाच्या बाजूने वाटेला लागा. पहिला तास मुद्दाम हळू चाला. बोलता येईल इतकाच वेग. धाप लागून वाक्य तुटत असेल तर पुढच्याने वेग कमी करायचा. तासातासाला डोकी मोजा, तीही मोठ्याने.

गावात पोचल्यावर बूट काढा, पाय धुवा, कोरडे कपडे घाला, मग चहा. अंगात ताकद वाटत असली तरी त्या संध्याकाळी किल्ला चढू नका. गावाजवळ जुनं शिवमंदिर आणि तलाव आहे, तेवढं फिरा. शेकोटी करायची असेल तर यजमानांना विचारून त्यांच्या अंगणात. किल्ल्यावर कुठेही नाही. राजमाची १९०९ पासून संरक्षित स्मारक आहे, आणि दारू तर कुठल्याच किल्ल्यावर चालत नाही. ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवून आलात तर गावातली मुलंही झोपतील. दहाला दिवे बंद.

रविवारी सहाला उठून, सॅक घरातच ठेवून, फक्त पाणी आणि विजेरी घेऊन श्रीवर्धनला निघा. दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे, तिथून वाट फुटते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, त्याआधी माथ्यावर पोचता येतं. वरून नागफणी आणि ढाकचा डोंगर दिसतो. कोणीतरी "ढाकला पण जाऊन येऊ" म्हणेल. नाही. ती दोर धरून चढायची जागा आहे.

नाश्ता करून दहाला कोंदिवड्याच्या वाटेला लागा. या उतरणीवर रानात फाटे फुटतात आणि गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात, म्हणून इथे वाटाड्या हवाच, नकाशा कितीही उतरवलेला असो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवून, हातात काठी. पुढच्याच्या डोक्यावर दगड जाणार नाही इतकं अंतर ठेवा. वाटेतच कोंढाण्याची लेणी लागतात, इसवी सनापूर्वी खोदलेली बौद्ध लेणी. तिथे अर्धा तास सावलीत बसा, उरलेला खाऊ संपवा. नवख्यांना उतरायला सगळं धरून साडेतीन-चार तास लागतात. खाली कोंदिवड्यात टमटम किंवा रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर भर उन्हात डांबरी रस्ता तुडवावा लागतो.

कचरा सगळा परत. वेफर्सचं पाकीटही, सॅनिटरी पॅडही, काळ्या पिशवीत घट्ट बांधून. गावात कचऱ्याची गाडी येत नाही.

परतीला एकच ठाणेकरी सावधगिरी: रविवारचा मेगाब्लॉक. मध्य रेल्वे तो एक-दोन दिवस आधी जाहीर करते आणि तो बहुधा अकरा ते चारच्या आसपास असतो. मुख्य मार्गावर असेल तर कर्जत लोकल रखडते, ट्रान्सहार्बरवर असेल तर नवी मुंबईकर ठाण्यात अडकतात. शुक्रवारी रात्री पाहून ठेवा आणि त्याप्रमाणे लेण्यांपाशी अर्धा तास जास्त बसा.

कर्जतहून सुटणाऱ्या लोकलला बसायला जागा मिळते आणि ठाणं यायला दीड तासाच्या आसपास लागतो. हिशेब त्याच वेळात पुरा करा. सगळे समोर असतात, कोणाला उठून जाता येत नाही, आणि राखीव ठेवलेल्या दहा-पंधरा टक्क्यांतलं जे उरलं असेल ते तिथल्या तिथे परत देता येतं. घरी गेल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे, काखेत आणि मोज्यांच्या कडेला गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही.